देव्हाऱ्यातला फोन

संध्या गावित दिवसभरात माणसांशी जेवढं बोलायची, त्याच्या दसपट फोनशी बोलायची. खोटं वाटत असेल तर पंचवटीतल्या त्या गल्लीत कुणालाही विचारा. ऊन उतरलं की ही निघाली गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे मांडी ठोकली, फोन तोंडापुढे धरला की झालं सुरू. "इश ट्रिंके वासर." फोन टिंग करायचा. मग पुढचं वाक्य. शेजारच्या लताबाई दोरीवरचे कपडे काढता काढता कान टवकारायच्या आणि खाली येऊन घरमालकीण भागीबाईंच्या कानाला लागायच्या, "पोरगी सोन्यासारखी आहे हो, पण एकटीच बडबडते. एकदा दाखवून आणा कुणाला तरी."

"दुसऱ्याच्या दारात जाऊन तर बडबडत नाही ना ती?" भागीबाई म्हणायच्या आणि हातातली वात वळत राहायच्या. लताबाईंना टोमणा कळायचा, पण चहा झाल्याशिवाय त्या काही उठायच्या नाहीत.

ही बडबड म्हणजे जर्मन भाषा. संध्या गंगापूर रोडच्या एका कॉलेजात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. जर्मनीतल्या दवाखान्यांना नर्स हव्यात म्हणून कॉलेजाने जर्मनचा वर्ग काढला होता. आठवड्यातून एकदा प्रफुल्ल सर येऊन शिकवायचे आणि बाकीचे दिवस, "फोन आहे ना हातात? मग रील बघण्याऐवजी हे करा," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना एक ॲप घ्यायला लावलं होतं. पोरींनी घेतलं. कुणी बसमध्ये करायची, कुणी मेसच्या रांगेत. संध्याबरोबर खोलीत राहणारी निकिता तर दात घासता घासता करायची आणि फोनवर पेस्टचा फेस उडवायची.

निकिता सटाण्याची, कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिला बोलायला भीती म्हणून ठाऊक नाही. चार शब्द यायचे, त्यातले दोन चुकीचे, पण सरांसमोर ती असं ठणकावून बोलायची की सरांनाच वाटावं आपलंच काही विसरलं की काय.

संध्याचं उलट. लिहायला सांगा, पहिली. ऐकून ओळखायला सांगा, पहिली. समोर माणूस आला की तोंडाला कुलूप.

ते कुलूप कधी लागलं, हे तिला पक्कं माहीत होतं. पहिल्या वर्षाचा पहिला दिवस. सगळ्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची होती. ही उभी राहिली आणि म्हणाली, "माजा गाव पेठच्या वर हाय." झालं, मागच्या बाकांवरून हसू फुटलं. तसं काही फार वाईट नव्हतं ते हसू, त्या वयाची पोरं कशालाही हसतात. पुढच्या पोरीच्या नावालाही हसली. पण संध्या मटकन खाली बसली, ती जणू आजतागायत बसलेलीच होती. त्यानंतर तिने आपली भाषा शहरी करून घेतली, 'हाय'चं 'आहे' केलं, आणि एवढं करूनही बोलणं टाळलं ते टाळलंच.

फोनचं बरं होतं. तो हसत नाही. चुकलं तर नुसता 'टुक' असा आवाज करतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. टाकीमागे बसून संध्या त्याच्याशी मोकळी व्हायची, हात हलवून बोलायची, कधी कधी गंमतही करायची. त्या ॲपमध्ये एक छोटीशी ज्योत होती. रोज एक तरी धडा केला की ज्योत पेटलेली राहायची, एक दिवस जरी खाडा झाला की विझली. ती ज्योत हातात धरून एक खारूताई बसलेली असायची. संध्याची ज्योत कित्येक महिने विझली नव्हती. वर्गात तेवढी मोठी ज्योत कुणाचीच नव्हती. निकिताची तर आठवड्यातून दोनदा विझायची.

हे सगळं जमेला धरूनही तोंडी परीक्षेत संध्या नापास झाली. परीक्षा लॅपटॉपवर होती. पलीकडे जर्मनीतल्या एक बाई, पांढरे केस, मायाळू चेहरा. त्यांनी विचारलं, कशी आहेस? एवढंच! पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न. संध्याला उत्तर येत नव्हतं असं थोडंच? दहा प्रकारे येत होतं. पण घशातून हवाच निघेना. बाईंनी पुन्हा विचारलं. सरांनी बाजूने डोळ्यांनी खुणावलं. संध्या टेबलाच्या कडेकडे बघत बसली आणि शेवटी उठून बाहेर आली.

प्रफुल्ल सर भला माणूस. रागावले नाहीत. "दिवाळीच्या आधी एक संधी आहे, शेवटची," ते म्हणाले. "त्यानंतर यंदाची नावं जर्मनीला जातात. तू पास झालीस तर तुझं नाव पहिलं असेल, हे मी लिहून देतो. पण बाई गं, तू बोल. चुकीचं बोल, पण बोल."

"माझ्याशी बोल ना," निकिता म्हणायची. "माझं जर्मन ऐकलंस तर तुझी भीतीच जाईल." पण निकिताशीही नाही जमलं. संध्या पुन्हा टाकीमागे गेली. बोलायचं ते फोनशीच.

भागीबाईंना आधी हे प्रकरण काय आहे ते कळत नव्हतं. त्या एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. स्लॅबच्या दोन खोल्या आणि वर गच्चीला लागून पोरींना दिलेली एक खोली, एवढा संसार. दिवसभर फुलवाती वळायच्या, पुड्या बांधून देवळांजवळच्या दुकानांत द्यायच्या. कापसाशी आणि दिव्याशी सगळा जन्म गेलेला. एकदा त्यांनी संध्याला सरळच विचारलं, "रोज कुणाशी गं एवढं गुलुगुलु बोलतेस? कोण आहे?"

संध्या कानापर्यंत लाल झाली. "कुणी नाही हो मावशी!" आणि फोन त्यांच्यापुढे धरून तिने ज्योत दाखवली. सगळं समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं. तिने थोडक्यात उरकलं. "हे बघा. रोज एकदा बोलावं लागतं. नाही बोललं तर हा दिवा विझतो."

"असं होय," भागीबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहराच पालटला. "मग आधी नाही का सांगायचं? नेम आहे म्हण की तुझा."

संध्याने मान डोलावली. तिला वाटलं, सुटले.

त्यानंतर भागीबाई संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की जिन्यात येऊन हाक मारायच्या, "संध्या, तुझा दिवा झाला का गं?" संध्या वरून म्हणायची, "झाला मावशी." निकिता उशीत तोंड खुपसून हसायची.

आणि मग भाद्रपदाच्या शेवटी संध्याला डेंग्यू झाला. पेशी भराभर उतरल्या. निकिता सटाण्याला गेलेली, म्हणून दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा भागीबाईच रिक्षातून घेऊन गेल्या, गावाला निरोपही त्यांनीच पाठवला. वडील देवराम मिळेल त्या एसटीने आले. डोक्याला गुंडाळलेली टापशी, पायात चिखलाच्या चपला, दवाखान्याच्या फरशीवर पाय टेकवायलाही लाजत होते. भागीबाईंनी त्यांना बाकावर बसवलं, डब्यातली भाकरी खायला लावली. पेशी वर चढल्या, डॉक्टरांनी सोडलं, तसे देवराम लेकीला घेऊन परस्पर गावी गेले. या गडबडीत फोन राहिला तो राहिलाच. भागीबाईंच्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी, चार्जिंगला.

गावी संध्या ओसरीत पडून राहिली. आई चिमणाबाई नागलीची पेज करून चमच्याने भरवायची, पपईच्या पानांचा रस नाक दाबून पाजायची. भात पिकायला आला होता, सगळीकडे वास सुटला होता. चार दिवस संध्याला कशाचीच शुद्ध नव्हती. पाचव्या दिवशी जरा बरं वाटलं आणि पहिली आठवण झाली ती ज्योतीची. विझली असेल. केव्हाच विझली असेल.

आता कुणी म्हणेल, फोनमधलं चित्र ते, विझलं तर विझलं, पुन्हा पेटवावं. शहाणी माणसं असंच म्हणतात. पण संध्याकडे स्वतःवर विश्वास ठेवायला तेवढीच एक वस्तू होती. परीक्षेत तोंड उघडलं नाही, वर्गात उघडत नाही, पण ती ज्योत बघून तिला वाटायचं, आपण अगदीच टाकाऊ नाही, काहीतरी नेटाने करतोय. तेही गेलं म्हटल्यावर तिने अंथरुणातच ठरवून टाकलं. परीक्षा द्यायची नाही. इथल्याच एखाद्या दवाखान्यात लागायचं, मुकाट्याने इंजेक्शनं द्यायची.

"बाबा, मला नाय जायाचं तिकडं," ती म्हणाली. "नाव काढून टाकते."

देवरामांनी विळ्याला धार लावता लावता तिच्याकडे पाहिलं. "तुला नाय जायाचं, का तुला भेव वाटतं?" त्यांनी विचारलं.

संध्या गप्प. घरातही कुलूप.

"नाव काढायचं तर सरांच्या तोंडावर जाऊन सांग," देवराम म्हणाले. "मी नाय सांगणार."

म्हणून ती नाशिकला आली. नवरात्र चालू होतं, आठवी माळ असेल. कालिकेच्या यात्रेमुळे शहरात गर्दी, रिक्षा मिळेना, अंगात ताकद नाही. पंचवटीत पोचेपर्यंत दिवेलागण झाली. तिने ठरवलं होतं, आधी फोन घ्यायचा, सकाळी सरांना भेटायचं, मग सामान बांधायचं. दाराशी आली तर आतून भागीबाईंचा आवाज. कुणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललेलं.

"अगं म्हटलं ना एकदा! किती वेळा म्हणू? वासर! वासर! बहिरी आहेस का भवाने?"

टुक.

"घ्या! पुन्हा टुक!" हा लताबाईंचा आवाज. "मऊ म्हणून बघा जरा. तुम्ही खेकसता म्हणून ती रुसते."

संध्या उंबऱ्यातच थांबली. देव्हाऱ्यात घट बसलेला, धान्य वीतभर वाढलेलं, वर खुरासणीच्या पिवळ्याधमक फुलांच्या माळा. समईच्या आकाराचा मोठा नंदादीप तेवत होता. आणि नंदादीपाच्या शेजारी, पाटावर, तांदळाच्या राशीवर टेकवून ठेवलेला तिचा फोन. मागच्या कव्हरला हळदीकुंकवाची बोटं. चार्जरला जोडून आणलेली वायर देव्हाऱ्याच्या खांबाला सुतळीने बांधलेली. समोर भागीबाई पदर खोचून, आणि त्यांच्या बाजूला लताबाई, भजनाला बसल्यासारख्या.

फोनवरच्या बाईने सावकाश एक वाक्य म्हटलं. भागीबाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि एकेक शब्द दाताखाली धरून म्हटलं, "माइने टोख्टर इस्ट क्रांक."

टिंग! वाजंत्री वाजली. पडद्यावर खारूताई नाचायला लागली आणि तिच्या हातातली ज्योत भडकून वर आली. लताबाईंनी टाळ्या पिटल्या. "झाली बाई आजची माळ!"

"मावशी," संध्या म्हणाली.

दोघी एकदम वळल्या. भागीबाई उठल्या, पण जवळ यायच्या आधी नंदादीपात तेल आहे का ते वाकून पाहिलं आणि मगच संध्याला दोन्ही हातांनी धरून उजेडात आणली. "कशी झालीस गं! नुसती काडी. बस. बस आधी. आणि हे बघ, विझू नाही दिला."

संध्या बसली.

मग सगळं कळलं, दोघींच्या तोंडून, एकीचं वाक्य दुसरीने तोडत. ज्या दिवशी संध्याला दवाखान्यात नेलं, त्या संध्याकाळी मिक्सरजवळ फोन थरथरायला लागला. भागीबाईंनी बघितलं तर पडद्यावर खारूताई, डोळ्यांत पाणी, आणि हातातला दिवा विझू विझू झालेला. खाली इंग्रजीत काय लिहिलं होतं देव जाणे. पण रडणारं लेकरू आणि मिणमिणता दिवा, एवढं कळायला इंग्रजी कशाला यायला हवं? फोन उघडायची खूण त्यांना माहीत होती, संध्या त्यांना त्यावरच भजनं लावून द्यायची. त्यांनी हिरव्या बटणावर बोट ठेवलं. फोनमधून बाई बोलली. माइकचं चित्र आलं. भागीबाई तिच्यामागून बोलल्या.

"पहिल्या दिवशी केवढा वेळ लागला माहीत आहे?" लताबाई म्हणाल्या. "वरण करपलं. वास आला म्हणून मी धावत आले, तर या फोनपुढे बसून शिव्या देतायत."

"चित्रं असली की बरं असतं," भागीबाई म्हणाल्या. "भाकरीचं चित्र, पाण्याचं चित्र, तिथे बोट ठेवायचं. लिहिलेलं आलं की आपलं अंदाजाने दाबत बसायचं. चुकलं की ते शेवटी पुन्हा येतं. पुन्हा दाबायचं. कधीतरी बरोबर येतंच ना, जाईल कुठे? मग घट बसले. म्हटलं, दोन दिवे दोन ठिकाणी कशाला, एका जागी राहिले म्हणजे लक्ष राहील. अखंड दिवा घरात असला की घर सोडायचं नाही, हे तुला ठाऊकच आहे. यंदा कालिकेला पण गेले नाही."

"पण मावशी, माझा नेम..." संध्याचा आवाज फुटला. खरं काय ते सांगावं की नाही, तिला कळेना. हा देवाचा दिवा नाही, परीक्षेचा पण नाही, नुसतं एक चित्र आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

भागीबाईंना वाटलं, हिला पुण्याची काळजी पडली. "वेडी आहेस का? घरातलं माणूस आजारी पडलं तर अखंड दिवा काय विझू देतात? जो घरात असेल तो तेल घालतो. दिवा ज्याचा त्याचाच राहतो. तुझ्याच नावाने करत होते मी, संकल्प सोडून."

संध्याने फोन उचलला. ज्योत धगधगत होती. आणि गंमत बघा, ॲपने तिला पार खाली आणून ठेवलं होतं. हे इतकं चुकतंय म्हटल्यावर त्याला वाटलं असणार की पोरगी सगळं विसरली. पाणी, भाकरी, आणि नर्सिंगवाल्यांसाठी असलेला 'दवाखान्यात' हा धडा, एवढंच उलटसुलट करून रोज पुढे ठेवत होतं. वर्षभराची चढण घसरून पायथ्याशी. संध्याला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू आलं, ते थांबेना. भागीबाईंनी तिला कुशीत घेतलं. अंगाला कापसाचा आणि तेलाचा वास. कुणी आपल्यासाठी एवढं करतं, आपल्याला न सांगता करतं, आणि वर त्याचं काहीच वाटून घेत नाही, हे तिला सोसवेना. फोनने पहिल्याच धड्यात आभार कसे मानायचे ते शिकवलं होतं. पण मावशीचे आभार मानले असते तर मावशीने कान पिळला असता.

"रडून झालं असेल तर एक सांग," भागीबाई म्हणाल्या. "इतके दिवस मी बोलतेय ते आहे तरी काय? देवाधर्माचंच आहे ना? नाहीतर देव्हाऱ्यापुढे भलतंसलतं बोलले असेन."

संध्याने डोळे पुसले. "वासर म्हणजे पाणी. ब्रोट म्हणजे भाकरी, त्यांची."

"आणि ते शेवटचं? टोख्टरचं? ते रोज यायचं बाई. तोंडात बसलं अगदी."

संध्या सांगायला गेली आणि अडखळली. "माझी मुलगी आजारी आहे," ती हळूच म्हणाली. "असा अर्थ आहे त्याचा."

लताबाईंचा हात तोंडावर गेला. भागीबाईंनी पदराने नाक पुसलं.

"मग बरोबरच बोलत होते की मी," त्या म्हणाल्या, आणि संध्यासाठी खिचडी टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्या सरांकडे गेली खरी, पण नाव काढायला नाही. परीक्षेची तारीख विचारून आली. मात्र दिवा आपला खोटा आहे हे मावशीला सांगितल्याशिवाय तिला चैन पडेना. दसऱ्याला घट उठले, सोनं वाटून झालं, तेव्हा तिने धीर केला. हा नेम नाही, ही भाषा आहे, बोलायची परीक्षा आहे, मी मागच्या वेळी गप्प बसले, या वेळी बसले तर संपलं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. आपण एवढं बोललो, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

भागीबाईंनी ऐकून घेतलं. जराही खट्टू झाल्या नाहीत. "म्हणजे नेमच की," त्या म्हणाल्या. "बोलायचा नेम. मग त्या डबड्याशी काय बोलतेस? माझ्याशी बोल. आता मला येतंय थोडं."

असं ते सुरू झालं. दुपारी वाती वळताना संध्या नर्स व्हायची आणि भागीबाई पेशंट. "वो टूट एस वे?" संध्या विचारायची, कुठे दुखतंय? भागीबाईंना उत्तराचे शब्द यायचे नाहीत, त्या ठणकणारा गुडघा पुढे करायच्या आणि छातीठोकपणे म्हणायच्या, "वासर!" संध्या खो खो हसायची. "अहो पाणी कुठे दुखतं मावशी? क्नी म्हणा, क्नी." "क्नी तर क्नी. पाणीच झालंय त्यात, डॉक्टर म्हणाला." निकिता सटाण्याहून परत आली तीही यात सामील झाली, आणि तिच्या जर्मनला भागीबाई हसायला लागल्या, म्हणजे कमालच. लताबाई दारात उभ्या राहून दोन्ही बाजूंच्या चुका काढायच्या, स्वतःला एक अक्षर येत नसताना. दिवसभर कुणी ना कुणी कुणाला तरी हसत होतं, आणि त्यामुळे बोलणं काही थांबत नव्हतं. संध्याचंही थांबलं नाही. हसता हसता तीही चुकायची, मग बाकीच्या हसायच्या. एकदा घाईत तिच्या तोंडून 'हाय' निघून गेलं, जुनं, गावचं. कुणी वळूनही पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी भागीबाईंनी हातावर दही ठेवलं. घाबरल्या होत्या त्या, संध्यापेक्षा जास्त.

पुन्हा तोच लॅपटॉप, त्याच पांढऱ्या केसांच्या बाई, बाजूला प्रफुल्ल सर, ओठ घट्ट मिटून बसलेले. बाईंनी विचारलं, कशी आहेस? संध्याला टेबलाची तीच कड दिसायला लागली. तिने मनातल्या मनात मावशीचा गुडघा पुढे आणला. आणि म्हणाली, बरी आहे. आजारी होते, आता बरी आहे.

सरांनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

बाईंनी विचारलं, तू कुणाबरोबर राहतेस? त्या व्यक्तीबद्दल सांग.

आता याचं पाठ केलेलं उत्तर होतं. माझी घरमालकीण दयाळू आहे, तिचं घर स्वच्छ आहे. संध्याने ते सोडून दिलं. तिने सांगितलं, माझ्या घरात एक मावशी आहे, ती दिव्याच्या वाती करते. मी आजारी होते तेव्हा तिने माझा फोन देवाजवळ ठेवला आणि रोज फोनबरोबर जर्मन बोलली. तिला जर्मन येत नाही. ती फोनला रागावली. लिंग चुकलं, क्रियापद भलत्या जागी पडलं, देव्हाऱ्याला शब्द सापडेना म्हणून 'देवाचं छोटं घर' म्हणाली. आणि पडद्यावरच्या बाई हसल्या. अगदी मोकळ्या, डोळे मिटून हसल्या.

एके काळी एवढ्यावर संध्या उठून गेली असती. पण आता ते हसणं कानावर आलं तसं तिला आपल्या घरचंच वाटलं. पुढे सांग, असं म्हणणारं. ती थांबली नाही. तिने गुडघ्याची गोष्ट सांगितली, लताबाईंची सांगितली, करपलेल्या वरणाची सांगितली. वेळ संपली तरी बाई विचारतच होत्या.

थोड्या वेळाने प्रफुल्ल सर बाहेर आले. त्यांनी सांगायची गरजच नव्हती, चेहऱ्यावर सगळं होतं. तरी त्यांनी सांगितलं, "पास! आणि त्या विचारतायत, मावशी परीक्षेला कधी बसणार?" निकिताने बाहेर असा काही आरडाओरडा केला की शिपाई धावत आला.

संध्याने कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन गावी फोन लावला. नशिबाने देवराम टेकडीवर होते, रेंज लागली. "बाबा, मी बोलले," ती म्हणाली. पास झाले हे सांगायचं राहूनच गेलं. मग देवराम म्हणाले, "लय भारी काम केलं पोरी. आता घरी जाऊन त्या बाईच्या पाया पड."

पंचवटीत पोचली तेव्हा भागीबाई दारातच बसल्या होत्या. पुढ्यात कापूस तसाच, एकही वात वळलेली नाही. त्यांनी वर पाहिलं, पण काय झालं हे विचारायचा त्यांना धीर होईना. आयुष्यात पहिल्यांदा भागीबाईंच्या तोंडाला कुलूप होतं.

संध्या खाली वाकली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच समोर बसली. वाटेत रिक्षात तिने एक वाक्य मनाशी जुळवून ठेवलं होतं. साधंच, मावशीला कळेल एवढंच.

"इरे टोख्टर इस्ट गेझुंट," ती म्हणाली.

भागीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. इतक्या शब्दांतला एकच त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी तो घट्ट धरला.

"टोख्टरचं काय?" त्यांनी विचारलं. "आता काय झालं माझ्या टोख्टरला?"

"बरी झाली, मावशी," संध्या म्हणाली. "तुमची मुलगी बरी झाली."